टॉरेंट-वाहतुकीवरील निर्बंधांचा इतिहास : मीरा-भाईंदरच्या अनुषंगाने एक विचार

१

मुंबईच्या उत्तर सीमेवर दहिसरचा नाका ओलांडल्यानंतर वसईच्या खाडीपर्यंत जो भूप्रदेश पसरलेला आहे, तो मीरा-भाईंदर ह्या जोडनावाने ओळखला जातो. मिठागरे, भातखाचरे आणि उत्तन-डोंगरीकडील कोळ्यांची व ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती हे त्याचे जुने स्वरूप होय. १९८५ साली येथे नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या शिरगणतीत सुमारे ५ लाख २० हजार असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांच्या वर गेली. ज्या दशकात ही वाढ झाली, त्याच दशकात घरगुती इंटरनेटचा देशात प्रसार झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांना इंटरनेट मिळाले, ते दाट वस्तीत, वाटून घेतलेल्या आणि अपुऱ्या साधनांच्या आधारे. ह्या अपुरेपणातूनच पुढे जो वाद निर्माण झाला, त्याचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या जोडणीतून कोणत्या प्रकारची माहिती किती वेगाने जावी, हे ठरविण्याचा अधिकार सेवा पुरविणाऱ्यास आहे काय, हा त्या वादाचा गाभा होय.

२

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि अखिल भारतीय, प्रादेशिक व स्थानिक असे परवान्यांचे तीन वर्ग पडले. मुंबईच्या उपनगरांत केबल टेलिव्हिजनच्या तारा तत्पूर्वीच गच्च्यांवरून गच्च्यांवर पोहोचलेल्या होत्या. त्याच मार्गाने आणि पुष्कळदा त्याच केबलवाल्याच्या हातून इंटरनेटही घरोघर गेले. हा स्थानिक केबलवाला मोठ्या कंपनीकडून वहनक्षमता घाऊक भावाने घेई आणि ती किरकोळीने विकी. त्या काळी परदेशी जाणारी वहनक्षमता महाग होती. म्हणून तिचा प्रत्येक अंश शक्य तितक्या ग्राहकांत वाटून देणे हाच ह्या व्यवसायाचा पाया होता.

ह्या वाटपाचे प्रमाण शासकीय लेखांतही नमूद आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा ब्रॉडबँडचा किमान वेग मानला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी १:५० आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी १:३० हे वाटणीचे प्रमाण सुचविले. ह्याचा अर्थ असा की, एका ग्राहकास विकलेला वेग प्रत्यक्षात पन्नास घरांमध्ये वाटला जाणे नियमाला धरूनच होते. पन्नासही घरे एकाच क्षणी माहिती मागणार नाहीत, ह्या गृहीतावर ही रचना उभी होती, आणि पाने वाचणे व पत्रे पाठविणे एवढाच इंटरनेटचा उपयोग होता तोवर ते गृहीत खरेही ठरत होते.

३

हे गृहीत टॉरेंटने मोडले. १९९९ साली निघालेल्या नॅपस्टरमध्ये गाण्यांची सूची एका मध्यवर्ती ठिकाणी असे. ब्रॅम कोहेन ह्याने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या बिटटॉरेंट पद्धतीत फाइलीचे लहान लहान तुकडे केले जातात आणि जो ते घेतो तोच ते इतरांस देऊही लागतो. घेणारे जितके वाढतील तितकी देण्याची शक्ती वाढते, हे तिचे वैशिष्ट्य होय. गावजेवणात जेवावयास बसलेल्यानेच उठून पुढच्या पंगतीस वाढावे, तसा हा प्रकार आहे. तथापि ह्या पद्धतीत एकाच संगणकाच्या कित्येक जोडण्या एकाच वेळी चालू राहतात, आणि गर्दीच्या वेळी वहनक्षमतेची वाटणी माणशी न होता जोडणीगणिक होते. त्यामुळे एक टॉरेंट चालविणारा ग्राहक शेजारच्या अनेकांचा वाटा नकळत घेऊन जाई. शिवाय केबलच्या जाळ्यात ग्राहकाकडून बाहेर जाणारी वाट मुळातच अरुंद असे आणि टॉरेंटचा भार नेमका त्याच वाटेवर पडे.

२५६ किलोबिटच्या जोडणीवर ७०० मेगाबाइटचा एक चित्रपट उतरवून घेण्यास सुमारे सहा तास लागतात. साहजिकच लोक रात्री संगणक चालू ठेवून निजू लागले. पन्नासांतील दोन-तीन घरांनी असे केले तरी उरलेल्यांची जोडणी मंदावे. सेवा पुरविणाऱ्यांची अडचण काल्पनिक नव्हती, हे ह्यावरून स्पष्ट होते. वादाच्या दुसऱ्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली आहे.

४

ह्या अडचणीवर जगात दोन प्रकारचे उपाय योजले गेले. पहिला उपाय उघड होता : ठराविक मर्यादेपर्यंत पूर्ण वेग आणि त्यापुढे कमी वेग. भारतात ह्यालाच 'फेअर यूसेज पॉलिसी' असे सौम्य नाव मिळाले, आणि जाहिरातीत 'अमर्याद' म्हणविणाऱ्या योजनांना प्रत्यक्षात मर्यादा पडली. ती मर्यादा व तिच्यापुढील वेग ग्राहकांस स्पष्टपणे कळवावा, असा निर्देश ट्रायने जुलै २०१२ मध्ये दिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मर्यादेपुढील वेगही ५१२ किलोबिटच्या खाली जाऊ नये, असे ठरविले.

दुसरा उपाय छुपा होता. त्यात माहितीच्या पुडक्यांची तपासणी करून टॉरेंटची पुडकी तेवढी वेगळी काढावयाची आणि अडवावयाची, असा प्रकार चाले. ह्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनीचे आहे. २००७ साली रॉब टोपोल्स्की नावाच्या एका तंत्रज्ञास, स्वामित्वहक्क संपलेली जुनी गाणी इतरांस देत असताना, आपल्या जोडण्या मध्येच तुटतात असे आढळले. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने बायबलची प्रत पाठवून पाहिली आणि तोच अनुभव घेतला. जोडणीच्या दोन्ही टोकांस 'दुसऱ्याने संभाषण संपविले' असा खोटा निरोप कंपनीची यंत्रे पाठवीत होती. २००८ साली तेथील संघीय दूरसंचार आयोगाने हा प्रकार बंद करण्याचा आदेश दिला. तो आदेश २०१० साली न्यायालयाने अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला. परंतु मधल्या काळात कंपनीने स्वतःच मार्ग बदलला होता. माहितीचा प्रकार न पाहता, गर्दीच्या वेळी जो अधिक भार टाकील त्याचा वेग थोडा वेळ कमी करावयाचा, ही पद्धत तिने स्वीकारली. टॉरेंटच्या कर्त्यांनीही इतर वाहतुकीस आपण होऊन वाट देणारी नवी रीत काढली. प्रकारभेद न करताही गर्दीचे नियमन करता येते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. त्याच सुमारास जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेने 'ग्लासनॉस्ट' नावाची चाचणी उपलब्ध करून दिली. तिच्यामुळे आपली जोडणी टॉरेंटसाठीच मंदावते काय, हे सामान्य ग्राहकास घरबसल्या तपासता येऊ लागले.

५

भारतात ह्या प्रश्नात आणखी एक प्रश्न मिसळला, तो चित्रपटांच्या चोरीचा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाच्या आधारे मे २०१२ मध्ये सेवा पुरविणाऱ्यांनी टॉरेंटची संपूर्ण संकेतस्थळे बंद केली. आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे, असा खुलासा न्यायालयास जूनमध्ये करावा लागला. मीरा-भाईंदर ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते, त्या मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' ह्या चित्रपटाच्या प्रकरणी अधिक सावध भूमिका घेतली. न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी सरसकट बंदी नाकारली आणि पडताळून पाहिलेल्या विशिष्ट दुव्यांपुरतीच मनाई मान्य केली. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. चोरीच्या मालाचा विशिष्ट पत्ता बंद करणे हे न्यायालयाचे काम आहे. एखादी वहनपद्धतीच चोरांची आहे असे मानून ती मंद करणे, हा न्याय नव्हे. टॉरेंटने लिनक्ससारखी मुक्त प्रणालीही वाहून नेली जाते.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांस मनाई केली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जाळ्याच्या तटस्थतेविषयी शिफारशी केल्या. शासनाने त्या जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. पाठविणारा, घेणारा, उपकरण अथवा वहनाचा संकेत, म्हणजेच प्रोटोकॉल, ह्यांवरून कोणत्याही माहितीशी भेदभाव करता येणार नाही, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले आहे. 'संकेत' हा शब्द टॉरेंटच्या इतिहासात निर्णायक होय. गर्दीच्या नियमनास मुभा आहे, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि उघड असले पाहिजे.

६

ह्यानंतर परिस्थितीही पालटली. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइलवरील माहिती एकदम स्वस्त झाली, इमारतींत प्रकाशतंतूंच्या जोडण्या आल्या, आणि लोक चित्रपट उतरवून घेण्याऐवजी थेट पाहू लागले. २०२३ साली ब्रॉडबँडचा किमान वेग २ मेगाबिट ठरला. टॉरेंट अडविण्याचे आर्थिक कारण त्यामुळे पुष्कळसे क्षीण झाले. म्हणून हा प्रश्न आता केवळ इतिहासजमा झाला, असे मात्र समजू नये.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांस अपुऱ्या वस्तूचे वाटप नवीन नाही. स्टेम प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ ह्यांच्याकडून येणाऱ्या पाण्यावर हे शहर वाढले, आणि पाणीटंचाई येथील नागरी राजकारणाचा नित्याचा विषय राहिली. पाणी कमी आले तर लोक गाऱ्हाणे करतात, परंतु कपात जाहीर झाली, इमारतीच्या फलकावर पाण्याची वेळ लागली, आणि ती सर्वांस सारखी असली, तर ते सोसतातही. नळाला आलेले पाणी कोणत्या भांड्यात भरावयाचे, हे मात्र पाणी पुरविणाऱ्याने आजवर ठरविलेले नाही. टॉरेंटवरील छुप्या निर्बंधांत नेमके हेच घडत होते. टंचाई खरी होती, पण ती झाकून ठेवून दोष ग्राहकाच्या संगणकावर किंवा त्याच्या हेतूवर ढकलला जात होता. टंचाईचे वाटप करावे लागले तर ते सांगून आणि सर्वांस सारखे करावे, हे तत्त्व २०१८ च्या नियमात आले आहे. उद्या टॉरेंटच्या जागी दुसरी कोणती वाहतूक जड वाटू लागेल, तेव्हा ह्या तत्त्वाची खरी परीक्षा होईल.