गुलशनाबादचा झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या फूल बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका गर्दीत शेजारच्या गृहस्थांनी माझं नाव ऐकून विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटलं, "इथलाच." त्यांनी पुन्हा विचारलं, "तसं नव्हे, मूळचे?" त्यांच्या हातात दोन किलो झेंडू होता.

मोगल अमलात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे पेशवाईत नाशिक हे जुनं नाव पुन्हा रूढ झालं. आज ते मधलं नाव कुणाला परकं वाटतं, तर कुणाला हरवलेली दौलत. दोघांनीही या बाजारातली फुलं जरा पाहावीत.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथले अ‍ॅझटेक लोक तो धार्मिक विधींत वापरत. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. त्यानंतर हे बी समुद्र ओलांडून युरोपात आणि पुढे भारतात पोचलं. इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन' म्हणतात. आफ्रिकेशी त्याचा मूळ संबंध काहीच नाही. गुलछडीही मेक्सिकोची, गुलबक्षी अमेरिका खंडातली, गुलमोहर मादागास्करचा. रोप परदेशी, 'गुल' फारसी आणि अंगण मराठी!

मग ही फुलं आपली कशी झाली? कुणीतरी बी धरलं, चांगलं रोप निवडलं, पुन्हा पेरलं. झेंडूच्याच कुळातल्या कोनफ्लॉवर या अमेरिकी रानफुलाचे रंगीबेरंगी वाणही माणसांनीच घडवले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'क्रॅकर जॅक' आणि 'गोल्डन ज्युबिली' यांच्या संकरातून 'पुसा नारंगी' काढला. परदेशी नावाच्या आईबापांचं हे लेकरू आज अस्सल देशी म्हणून तोरणात बसतं.

माळी आणि बागवान, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: बाग राखणारा. महाराष्ट्रात पहिला शब्द बहुधा हिंदू घरात सापडतो, दुसरा मुसलमान घरात. फुलांना मात्र हा फरक ठाऊक नाही. याच बाजारातून दारांवर तोरणं जातात आणि बडी दर्ग्यात चादरी.

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, "साहेब, तुमच्या हातातला झेंडू जिथला झाला, तिथलाच मी."

ते हसले. मग माझ्यासाठी थोडं सरकून त्यांनी जागा केली.