कलाभवन : हात, डोळा आणि भाषा



बडोद्याच्या सांस्कृतिक इतिहासात कलाभवनाचे स्थान मोठे आहे. परंतु त्याचा उल्लेख आपण बहुधा एका तंत्रशाळेचा म्हणून करतो. हे वर्णन मला अपुरे वाटते.

१८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. चित्रकला, वास्तुरचना, सुतारकाम, विणकाम, रंगाई आणि यंत्रविद्या यांना त्यांनी एका छपराखाली आणले. ललित आणि उपयुक्त असा भेद येथे कठोर नव्हता. शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे, हा गज्जरांचा आग्रह होता. परभाषेच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या कारागिराच्या मुलाला विद्येचे दार उघडे व्हावे, हे त्यामागील तत्त्व होते.

या संस्थेत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके १८८५ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे कलाभवनात आले. येथे त्यांनी चित्रकला, वास्तुरचना, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. छायाचित्रणाच्या प्रयोगांना गज्जरांनी उत्तेजन दिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा या सर्व विद्या एका पडद्यावर एकत्र आल्या. चित्रपट म्हणजे काढलेले दृश्य, उभारलेली वास्तू, पकडलेला प्रकाश आणि रचलेली कथा. फाळक्यांना केवळ चित्रकला येत असती, तर हे घडते ना, असे मला वाटते.

भाषेचा अध्यापक म्हणून मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की फाळके आपल्या कलेविषयी लिहू शकले. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर मराठीत लेख लिहिले. नव्या यंत्रविद्येला त्यांनी स्वभाषेत बोलते केले. ज्या कारागिराला आपल्या कामाचे नाव, कारण आणि रीत सांगता येते, त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर लोपत नाही.

पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० साली तेथे ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरच्या कलाशाळेत घडलेले ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकलेचे अध्यापक झाले. कलाभवन अभियांत्रिकीच्या मार्गाने गेले. दोन्ही शाखांचा उत्कर्ष झाला. मात्र एका छपराखालचा तो सहवास संपला.

आपल्या शाळेतही चित्रकलेचा तास ‘मोकळा तास’ समजला जातो आणि मराठीचा तास केवळ गुणांसाठी उरतो. मुलाने जे हातांनी घडविले, ते त्याने चार शुद्ध मराठी वाक्यांत लिहूनही दाखवावे, एवढा नियम शिक्षकांनी पाळला, तर गज्जरांचा विचार आपल्या वर्गांतूनच पुन्हा जिवंत होईल.