कुलूपबंद खेळांची बखर

यंत्र मोठे की खेळ मोठा, असा एक वाद गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे जगभर चालू आहे. टीव्हीला जोडून खेळायच्या ज्या पेट्या असतात, ज्यांना जाणकार कन्सोल म्हणतात आणि आमच्या बेळगावात नुसतेच 'व्हिडिओ गेम' म्हणत आले आहेत, त्यांच्या चाहत्यांचा हा वाद. एकजण म्हणतो, माझ्या पेटीत ताकद जास्त. दुसरा म्हणतो, असेल, पण अमुक खेळ फक्त माझ्याच पेटीवर चालतो. आमच्या घरची कॉलेजात जाणारी मुले या विषयावरून जेवणाच्या ताटावर हमरीतुमरीवर येतात, तेव्हा बाकीच्यांना तो पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण कोणताही वाद कानावर आला की तो सुरू कोणी केला आणि त्यात लाभ कोणाचा झाला, हे पाहिल्यावाचून मला राहवत नाही.

आरंभी यंत्र आणि खेळ ही वेगळी नव्हतीच. १९७२ साली अमेरिकेत राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे पहिले घरगुती यंत्र आले, त्यातले खेळ त्याच्या मंडलांतच बसवलेले होते. १९७७ साली अटारी कंपनीने कॅसेट बदलून खेळायची पेटी काढली आणि खेळ हा वेगळा विकायचा माल झाला. १९८० साली जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' अटारीवर आला, तेव्हा त्या एका खेळासाठी लोक पेटी विकत घेऊ लागले. अमुक खेळ हवा तर अमुक यंत्र घ्या, हे सूत्र व्यापाऱ्यांना तेव्हा गवसले.

पण अटारीच्या दाराला कडी नव्हती. वेष्टनावर आपले नाव येत नाही म्हणून चिडलेले चार प्रोग्रामर १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढून अटारीच्याच पेटीसाठी खेळ विकायला सुरुवात केली. खेळ चांगले होते, पण त्यांचे पाहून जो उठला तो कॅसेट काढू लागला. बाजार रद्दी मालाने तुंबला आणि १९८३ साली अमेरिकेतला हा धंदा कोसळला. न खपलेल्या कॅसेटी अटारीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन पुरल्या. ही दंतकथा आहे असे पुष्कळांना वाटे. २०१४ साली उत्खनन झाले आणि त्या खरोखरच सापडल्या. आमच्या विषयात पुरावा इतक्या लवकर हाती येत नाही!

त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये दोन पेट्या एकाच दिवशी बाजारात आल्या. एक सेगा कंपनीची, दुसरी निन्तेन्दोची फॅमिकॉम. निन्तेन्दो हे क्योतोचे जुने घराणे, १८८९ पासून पत्ते छापणारे. फॅमिकॉम जपानमध्ये तुफान खपली. अमेरिकेत १९८५ साली ती नव्या रूपात नेताना निन्तेन्दोने अटारीची गत ध्यानात ठेवली आणि पेटीत एक छोटी चिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये असेल तरच खेळ चालायचा. थोडक्यात, कुलूप पेटीत आणि किल्ली निन्तेन्दोच्या कमरेला. किल्ली हवी असेल तर अटी मान्य करा. वर्षाला पाचच खेळ काढायचे, कॅसेटी निन्तेन्दोकडूनच बनवून घ्यायच्या आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कुणाच्या पेटीवर जाऊ द्यायचा नाही. कोनामी कंपनीला पाच खेळ पुरेनात, म्हणून तिने 'अल्ट्रा' नावाने दुसरे दुकान थाटले. अटारीच्या वारसांपैकी एका कंपनीने तर कुलपाचा आराखडा अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला आणि न्यायालयात तोंडघशी पडली.

कुलूप घालताना सांगितले गेले ते दर्जा राखण्यासाठी. त्यात तथ्य नव्हते असे नाही. १९८३ ची पडझड ताजी होती. पण दोन वर्षांच्या अटीचा दर्जाशी संबंध काय? चांगला खेळ शेजारच्या पेटीवर गेल्याने तो वाईट होत नाही. ती अट शेजाऱ्याला उपाशी ठेवण्यासाठी होती, आणि सेगा पुष्कळ वर्षे उपाशी राहिली.

आता आपल्याकडचे पाहा. जपानी फॅमिकॉममध्ये ही कुलूपचिप नव्हती. त्यामुळे तिच्या नकला करणे सोपे गेले आणि नव्वदीच्या दशकात त्या नकला भारतभर पसरल्या. खडेबाजारात, पणजीत, कोल्हापुरात, हैदराबादेत नाना नावांनी जी पेटी विकली जायची आणि 'इतके खेळ एकात' अशी फुशारकी मारणाऱ्या ज्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी मिळायच्या, ती सारी फॅमिकॉमचीच अनौरस संतती. आमच्या गल्लीत एका दुकानात तासाच्या भाड्याने खेळायला मिळे. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' त्या मुलांना तोंडपाठ होते, पण निन्तेन्दो हे नाव त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेले नव्हते. कोणाचीही कॅसेट कोणाच्याही पेटीत चालायची, म्हणून यंत्र मोठे की खेळ मोठा हा वाद तेव्हा आमच्याकडे नव्हताच. भांडण होते ते पहिला रिमोट कोणाच्या हाती यावर. ही चोरी होती हे उघड आहे, आणि ज्यांनी ते खेळ घडवले त्यांना बेळगावातून एक पैसाही गेला नाही. पण कुलूप काढले की वाद कसा विरून जातो, याचा याहून स्वच्छ दाखला मला दुसरीकडे मिळालेला नाही.

आता ताकदीची बाजू. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा खेळ ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये मावला होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही याच्या कितीतरी पट भरतो. जागा वाचवण्यासाठी त्यात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. अशी कसर करायला यंत्राची नसन्‌ नस ठाऊक लागते. निन्तेन्दोचे गुन्पेई योकोई यांचे तर तत्त्वच होते की जुने, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. १९८९ चा त्यांचा गेम बॉय हातात धरायचा, पडदा हिरवट, रंग नाहीत. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत पडद्याचा गेम गिअर आणला. कागदावर गेम गिअर सरस होता. पण तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी, आणि गेम बॉय चार सेलवर दिवस काढी. गेम बॉय, त्याच्या रंगीत भावंडासह, सुमारे ११ कोटी ८७ लाख खपला. गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला.

१९९६ साली हेच निन्तेन्दोवर उलटले. तिची निन्तेन्दो ६४ ही पेटी सोनीच्या १९९४ सालच्या प्लेस्टेशनपेक्षा वेगवान होती, पण हट्टाने कॅसेटवरच राहिली. कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट, सोनीच्या सीडीत त्याच्या दसपट. 'फायनल फँटसी' मालिकेचे पहिले सहाही भाग निन्तेन्दोकडे देणाऱ्या स्क्वेअर कंपनीचा सातवा भाग तीन सीड्यांचा झाला आणि १९९७ साली सोनीकडे गेला. प्लेस्टेशन दहा कोटींवर खपले, निन्तेन्दो ६४ सव्वातीन कोटींच्या जरा पुढे थांबली. तरीही त्या हरलेल्या पेटीवरचा 'सुपर मारिओ ६४' घेऊन बसलात तर जाणवते की अंगठ्याने फिरवायची ती छोटी दांडी आणि तो खेळ एकमेकांसाठीच घडवले आहेत. एकाच घरात यंत्र आणि खेळ बनले की असा जिव्हाळा येतो, आणि 'फक्त इथेच' मिळणाऱ्या खेळांचे जे कौतुक होते त्याचे खरे कारण हा जिव्हाळाच आहे. कुलूप ही त्यावर व्यापाऱ्याने घातलेली वेगळी वस्तू. मुले वाद घालताना दोन्ही एकच समजतात, आणि कंपन्यांना ते सोयीचे आहे.

सेगाने २००१ साली यंत्रे करणे सोडले. ज्या निळ्या सॉनिकला मारिओचा वैरी म्हणून जन्म दिला, तो त्याच वर्षी निन्तेन्दोच्या यंत्रावर पळू लागला आणि २००७ साली मारिओबरोबर ऑलिम्पिकच्या खेळात उतरला. दहा वर्षे शाळांच्या मैदानांवर त्यांच्यावरून भांडलेल्या अमेरिकन मुलांना काय वाटले असेल!

जून २०२३ मध्ये हा वाद सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात पोचला. मायक्रोसॉफ्ट सुमारे ६९ अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन विकत घेत होती. तीच, चार चिडलेल्या प्रोग्रामरांची. हे खेळ मायक्रोसॉफ्ट फक्त आपल्या पेटीवर ठेवील का, असा सरकारी व्यापार आयोगाचा प्रश्न होता. साक्षीला उभे राहिले सत्या नाडेला, हैदराबादेत वाढलेले आणि मणिपालला शिकलेले. माझ्या हाती असते तर ही 'फक्त आमच्याकडे' पद्धत मी मोडीत काढली असती, पण बाजारात जो मोठा आहे त्याने स्पर्धा याच पद्धतीवर उभी केली आहे, अशा आशयाचे ते बोलले. कंपनीने तर आपण पेट्यांच्या लढाईत हरलो आहोत असे लेखी सांगितले. विजयाच्या बढाया कोरणारे शिलालेख मी पुष्कळ पाहिले. पराभव सिद्ध करण्यासाठी वकील लावलेले क्वचितच. न्यायालयाने व्यवहार अडवला नाही. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टचे खेळ एकेक करून सोनीच्या पेटीवर जाऊ लागले आहेत.

म्हणून वाद संपला म्हणावे, तर कुलपाने दरम्यान काय कोंडून मारले याचा हिशेब उरतोच. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी करून सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्तेन्दोने दोन जुन्या यंत्रांची खेळविक्री कायमची बंद केली. आमच्या सरहद्दीवर जुने दप्तर वाळवीने खाल्ले म्हणून हळहळणारा मी, चाळीस वर्षांपूर्वीचे दप्तर असे हरवताना पाहतो आहे.

आणि हरवायला चाळीस वर्षेही लागत नाहीत. कोनामीने २०१४ साली हिदेओ कोजिमा यांचा 'पी. टी.' हा भयखेळाचा छोटा नमुना प्लेस्टेशन ४ वर फुकट दिला. मूळ खेळ रद्द झाला आणि २०१५ च्या एप्रिलअखेरीस नमुनाही काढून घेतला. ज्यांच्या पेटीत तो आधीच उतरवलेला होता, त्यांच्याकडेच तो उरला. मग ३९९ डॉलरच्या त्या पेट्यांना, खेळासकट, हजार डॉलरच्या वर किंमत सांगणाऱ्या जाहिराती झळकल्या.