एअरब्रशपासून संगणकापर्यंत : मराठी उपयोजित चित्रकलेतील छटातंत्राचा इतिहास

प्रस्तावना

पुण्यातील स्वारगेटचा जेधे चौक हे टिळक रस्ता, शिवाजी रस्ता, सातारा रस्ता व शंकरशेठ रस्ता यांचे मीलनस्थान आहे. एस.टी. स्थानकात उतरणारा प्रवासी असो वा 2024 पासून सुरू झालेल्या भुयारी मेट्रोतून वर येणारा नागरिक असो, उत्सवकाळात त्याची दृष्टी प्रथम फलकांवर जाते. फलकावरील गणेशमूर्तीच्या गालावर मऊ प्रकाश असतो, मुकुटाच्या कडेला तेजोवलय असते. मात्र कुंचल्याची एकही खूण त्यात दिसत नाही. संगणकावर निर्माण झालेल्या या गुळगुळीत छटेला दीर्घ पूर्वेतिहास आहे. तो तपासल्यास तंत्र बदलले तरी चित्रकारापुढील मूळ समस्या बदलली नाही, असे दिसते. बदलले ते चित्रकाराच्या नावाचे व मूळ चित्राचे भवितव्य. हीच बाब प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका : शिळेवरील ठिपके

छापील चित्रात प्रकाशाकडून छायेकडे सलग कसे जावे, हा प्रश्न महाराष्ट्रात शिळाछापाच्या काळापासून आहे. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये घाटकोपर येथे सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे, आणि छटा साधण्यासाठी कारागिराला शिळेवर दाट-विरळ ठिपके द्यावे लागत. देवदेवतांच्या मुखावरील कांती ही अशा अनामिक हातांच्या चिकाटीची निष्पत्ती होती.

स्प्रेचा काळ

दाबलेल्या हवेने रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणारे एअरब्रश हे उपकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात अमेरिकेत विकसित झाले. चित्रकारांच्या बोलीत त्यास ‘स्प्रे’ म्हणतात. मराठी वाचकाच्या घरात हे तंत्र पोहोचविणाऱ्यांत गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर (1918-1976) यांचे नाव अग्रगण्य आहे. दिनदर्शिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टने यांतून त्यांची चित्रे सर्वदूर गेली. त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल (1916-1971) यांची ओळख प्रामुख्याने प्रवाही रेषेमुळे झाली, तर मुळगावकरांची मुलायम छटेमुळे. रेषा व छटा हे द्वैत पुढे संगणकातही अवतरले.

स्प्रेच्या कामात दोन भिन्न कौशल्ये लागतात. पहिले कौशल्य आच्छादनाचे. जो भाग कोरा ठेवावयाचा त्यावर कागद वा पारदर्शक पापुद्रा नेमक्या वळणाने कापून बसवावा लागतो. चित्राची रेखीव कड त्यातून मिळते. दुसरे कौशल्य तुषारांचे. उपकरणाचे कागदापासूनचे अंतर, हवेचा दाब व बोटाचा स्पर्श यांवर छटेचा मऊपणा ठरतो. चूक झाल्यास ती पुसता येत नाही.

संगणक : कामाची विभागणी

ही दोन कौशल्ये संगणकात दोन निराळ्या आज्ञावलींच्या वाट्याला आली. आच्छादनाच्या कडेचे काम व्हेक्टर रेषेने घेतले. मोटारींच्या बाह्यांगाचे आकार गणिताने मांडण्यासाठी फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी व रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी विकसित केलेली वक्ररेषा तिच्या मुळाशी आहे. 1987 मध्ये ॲडोबी इलस्ट्रेटर व 1989 मध्ये कोरलड्रॉ आले. तुषारांचे काम पिक्सेलकडे गेले. 1990 मध्ये आलेल्या फोटोशॉपमध्ये तर ‘एअरब्रश’ याच नावाचे साधन होते. 1994 मध्ये तेथे थरांची सोय झाली आणि स्प्रेमधील न पुसता येणारी चूक इतिहासजमा झाली. व्हेक्टरमध्येच जाळी विणून छटा भरण्याची सोय 1998 मध्ये इलस्ट्रेटरने दिली; तरी कड एका आज्ञावलीत व छटा दुसरीत, ही मिश्र पद्धत टिकून राहिली.

तिचे कारण आकारमानात आहे. वीस फूट रुंद व दहा फूट उंच फलक प्रति इंच 72 पिक्सेल या हिशेबाने संपूर्ण पिक्सेलमध्ये रंगवायचा झाल्यास 17,280 गुणिले 8,640, म्हणजे सुमारे 14.9 कोटी पिक्सेल लागतात. चार छपाईरंग धरता त्याची माहिती जवळजवळ 60 कोटी बाइट होते. शतकारंभीच्या सामान्य संगणकास हा भार पेलणे कठीण होते. व्हेक्टर रेषा मात्र कितीही मोठी केली तरी फाटत नाही. त्यामुळे अक्षरे, चौकटी व बाह्याकृती व्हेक्टरमध्ये, तर चेहऱ्यावरील प्रकाश पिक्सेलमध्ये, अशी वाटणी डीटीपीच्या व्यवसायात सोयीची ठरली. कारागिराची जुनी दोन कौशल्येच तेथे नव्या नावांनी नांदत होती.

हरवते ते काय?

येथवरचा इतिहास सातत्याचा आहे. खंड पडतो तो पुढे. मुळगावकरांच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात त्यांची सही असे, आणि छपाईनंतरही मूळ चित्र शिल्लक राही. फलकाच्या चित्रावर बहुधा छापणाऱ्याचा वा शुभेच्छुकाचा उल्लेख असतो, चित्रकाराचा नसतो. मूळ चित्र म्हणजे एक फाइल, आणि तिचे आयुष्य आज्ञावलीच्या आयुष्याशी बांधलेले असते. एकेकाळी लोकप्रिय असलेल्या फ्रीहँडचा विकास 2007 मध्ये थांबला. जुन्या ‘टाइप 1’ टंकांचा आधार फोटोशॉपने 2021 मध्ये व इलस्ट्रेटरने 2023 मध्ये काढून घेतला. युनिकोडपूर्व मराठी टंकांत केलेली फाइल मूळ टंकाविना उघडल्यास चित्र दिसते, परंतु अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात. शिळाछापाचे शतकापूर्वीचे चित्र आज भिंतीवर टांगता येते. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र उघडेलच, याची शाश्वती नाही.

समारोप

शिळेवर ठिपके देणाऱ्या कारागिरांची नावे आपण नोंदविली नाहीत, ही उणीव आता भरून निघणे कठीण आहे. संगणकावर छटा भरणारी पहिली पिढी मात्र अद्याप आपल्यात आहे. स्प्रे हाताळून मग संगणकाकडे वळलेले चित्रकार हे या स्थित्यंतराचे अखेरचे प्रत्यक्ष साक्षीदार होत. त्यांच्या मुलाखती घेणे, जुन्या फाइलींच्या छापील प्रती व सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपातील नकला जतन करणे आणि चित्रासोबत चित्रकाराचे नाव नोंदविणे, ही कामे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. स्वारगेटहून निघणाऱ्या टिळक रस्त्यावरच अभिनव कला महाविद्यालय आहे. इतिहास, मराठी, संगणकशास्त्र व कला या विभागांनी मिळून असा प्रकल्प हाती घेतल्यास उत्सव संपताच उतरविल्या जाणाऱ्या फलकांमागील हात तरी इतिहासात राहतील.