लहान रिव्हॉल्व्हरची दीर्घकालीन विश्वासार्हता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन बहुधा लढाया, सैन्ये व तोफखाने यांच्या अनुषंगाने झाले आहे. कोटाच्या खिशात मावणारे, वर्षानुवर्षे अंगावर बाळगले जाणारे आणि कदाचित आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष प्रसंगी न झाडले जाणारे लहान रिव्हॉल्व्हर त्या मानाने उपेक्षित राहिले. वस्तुतः तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने या शस्त्राचा अभ्यास उद्बोधक आहे. त्याच्याविषयी ‘रिव्हॉल्व्हर कधी दगा देत नाही’ असा एक समज रूढ झाला असून पोलीस, सर्वसामान्य नागरिक व लेखक या सर्वांनी तो कमीअधिक प्रमाणात स्वीकारला आहे. हा समज कसा निर्माण झाला, तो कितपत साधार आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील लहान रिव्हॉल्व्हरच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

येथे विश्वासार्हतेचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. चाप ओढताच गोळी सुटणे ही तात्कालिक विश्वासार्हता होय. तेच शस्त्र वीस किंवा तीस वर्षे बाळगल्यानंतर आणि शेकडो गोळ्या झाडल्यानंतरही तसेच चालणे ही दीर्घकालीन विश्वासार्हता होय. पहिल्या अर्थाने रिव्हॉल्व्हरची कीर्ती बऱ्याच अंशी सार्थ आहे. दुसऱ्या अर्थाने मात्र ती धातू, काडतूस व निगा या तीन गोष्टींवर अवलंबून राहिली आहे. शस्त्राचा आकार आणि वजन जसजसे कमी होत गेले, तसतशी या तिन्हींची कसोटी अधिक कठोर झाली.

आरंभीचा काळ : टोपीपासून काडतुसापर्यंत

सॅम्युएल कोल्ट यास फिरत्या कोठ्याच्या शस्त्राचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले. त्याच्या १८४९ च्या खिशातील नमुन्याला मोठा खप लाभला. १८७३ पर्यंत या नमुन्याची तीन लाखांहून अधिक शस्त्रे तयार झाली. परंतु त्यात सुटी दारू, शिशाची गोळी व तांब्याची टोपी स्वतंत्रपणे भरावी लागत असे. ओलाव्याने दारू निकामी होई. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याखालील यंत्रणेत पडले की कोठा फिरेनासा होई. म्हणजेच त्या काळी रिव्हॉल्व्हर हे शस्त्र ‘न अडणारे’ म्हणून ओळखले जाण्याचे कारण नव्हते.

हे चित्र धातूच्या काडतुसाने बदलले. रोलिन व्हाइट याच्या १८५५ च्या पेटंटचा हक्क घेऊन स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये ०.२२ इंच व्यासाचे, सात गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दारू, गोळी व टोपी यांचे एकत्रीकरण झाल्यामुळे विश्वासार्हतेचा मोठा भाग शस्त्राकडून काडतुसाच्या कारखान्याकडे गेला. ही बाब महत्त्वाची आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस निकामी निघाले तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. स्वयंचलित पिस्तुलाप्रमाणे आधी ते हाताने बाहेर काढावे लागत नाही. रिव्हॉल्व्हरच्या कीर्तीचे मूळ या साध्या गुणात आहे.

१८६९ मध्ये व्हाइटच्या पेटंटची मुदत संपली आणि अमेरिकेत स्वस्त लहान रिव्हॉल्व्हरचा पूर आला. मऊ लोखंड, दुबळ्या स्प्रिंगा आणि सैल जुळणी ही त्यांची वैशिष्ट्ये होती. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर उरणारा क्षारयुक्त मळ हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे साफ न केलेली नळी व कोठा लवकर गंजत असत. चांगले शस्त्र न परवडणाऱ्या माणसाच्या खिशात असे शस्त्र जाई. विश्वासार्हता ही आरंभापासूनच ऐपतीशी निगडित होती, हे यावरून स्पष्ट होते.

घन सांगाडा व सुरक्षेचा प्रश्न

१८८७ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने घोडा सांगाड्याच्या आत झाकलेले व मुठीवर सुरक्षा-पट्टी असलेले रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. खिशातून काढताना घोडा कापडात अडकू नये, हा त्यामागील हेतू होता. मात्र हे शस्त्र मधोमध मोडून भरण्याच्या पद्धतीचे होते. अशा रचनेत बिजागरी व वरची खिट्टी वापराने सैल होत जाते. काळ्या दारूपेक्षा अधिक दाब निर्माण करणारी धूरविरहित दारू १८९० च्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हा ही उणीव अधिकच जाणवू लागली. कोल्टने १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये घन सांगाडा व बाजूला उघडणारा कोठा ही रचना स्वीकारली. आजही बहुतेक रिव्हॉल्व्हर याच रचनेचे असतात.

नको तेव्हा गोळी न सुटणे हाही विश्वासार्हतेचाच भाग होय. पडलेल्या शस्त्राच्या घोड्यावर आघात झाल्यास गोळी सुटू नये म्हणून कोल्टने १९०५ मध्ये यांत्रिक अडसर बसविला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडून गोळी सुटली व एका खलाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने आपल्या अडसराची रचना बदलली. सुधारणा बहुधा अपघातानंतरच होते, याचे हे एक उदाहरण आहे.

आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : १९२७ ते १९५०

१९२७ मध्ये कोल्टने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे दोन इंच नळीचे, ०.३८ स्पेशल काडतुसाचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. साध्या वेशातील पोलिसांमध्ये ते लोकप्रिय झाले. त्याच्या यंत्ररचनेत गोळी सुटण्याच्या क्षणी कोठा फिरवणारी कळ कोठ्यावर दाब देऊन त्यास घट्ट धरते. त्यामुळे कोठा व नळी यांची जुळणी अत्यंत अचूक राहते. परंतु दर वेळी तो ताण सोसून ती कळ झिजते आणि कालांतराने कोठा नळीसमोर पूर्णपणे येण्यापूर्वीच घोडा पडू लागतो. म्हणजेच ज्या गुणामुळे हे शस्त्र अचूक ठरले, त्यातच त्याच्या झिजेचे कारण होते.

१९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेत स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ सादर केले. त्याचे वजन सुमारे ५५० ग्रॅम होते. पूर्वीचा लहान सांगाडा किंचित वाढवून त्यात ०.३८ स्पेशल काडतूस बसविण्यात आले आणि पट्टीच्या स्प्रिंगेऐवजी वेटोळ्याची स्प्रिंग वापरण्यात आली. पाच घरांच्या रचनेचा एक भौमितिक लाभही होता. कोठा रोखून धरणारी खाच सहा घरांच्या कोठ्यात नेमकी घराच्या पातळ भिंतीवर येऊ शकते. पाच घरांच्या कोठ्यात ती दोन घरांमधील जाड भागावर येते. त्यामुळे लहान असूनही हा कोठा मजबूत ठरला. एक गोळी कमी झाली, परंतु त्या बदल्यात टिकाऊपणा मिळाला.

हलक्या धातूचा धडा

पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची मिश्रधातू वापरण्याच्या प्रयोगात मात्र हा समतोल बिघडला. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी हवाई दलासाठी सांगाडा व कोठा दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेली रिव्हॉल्व्हर तयार करण्यात आली. विमानचालकाच्या अंगावरील भार कमी करणे हा उद्देश होता. परंतु गोळी सुटताना कोठ्यात निर्माण होणारा दाब या धातूला झेपेना. कमी दाबाचे खास काडतूस तयार करूनही प्रश्न सुटला नाही आणि अखेर ही शस्त्रे मागे घेऊन त्यांतील बहुतेक नष्ट करण्यात आली. नागरी बाजारातील हलक्या रिव्हॉल्व्हरमध्येही ॲल्युमिनियमचा कोठा लवकरच सोडून देण्यात आला. सांगाडा हलका, पण कोठा व नळी पोलादी, अशी तडजोड स्थिरावली.

हाच प्रश्न पुढे निराळ्या रूपात पुन्हा उभा राहिला. १९७४ मध्ये ०.३८ स्पेशलच्या अधिक दाबाच्या काडतुसांना स्वतंत्र चिन्ह देण्यात आले आणि जुन्या लहान रिव्हॉल्व्हरमध्ये ती सर्रास वापरावीत की नाही, याविषयी वाद सुरू झाला. १९९६ मध्ये हाच सांगाडा वाढवून व मजबूत करून त्यात ०.३५७ मॅग्नम काडतूस बसविण्यात आले. त्यानंतर टायटॅनियमचा कोठा आणि २००१ मध्ये स्कँडियमयुक्त मिश्रधातूचा सांगाडा आला. वजन सुमारे ३४० ग्रॅमपर्यंत उतरले. अशा शस्त्रांच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये, अशी सूचना कोरलेली असे. टायटॅनियमचा कोठा खरवडून साफ करण्यासही मनाई होती. शिवाय वजन कमी झाल्याने शस्त्राचा मागे बसणारा धक्का इतका वाढला की न झाडलेल्या काडतुसांतील गोळ्या हिसक्याने पुढे सरकून कोठ्याबाहेर डोकावू लागल्या आणि कोठा अडकू लागला. शस्त्रातील सर्व भाग निर्दोष असूनही केवळ हलकेपणामुळे ते बंद पडू शकते, हे यातून दिसून आले.

खिशातील परिस्थिती

गोळ्या झाडल्याने होणारी झीज मोजता येते. कोठ्याची पुढेमागे होणारी हालचाल, कोठा व नळी यांमधील फट (ती सामान्यतः ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते) आणि घोडा पडण्यापूर्वी कोठा रोखला जातो की नाही, या तीन गोष्टी तपासून कुशल कारागीर शस्त्राचे उरलेले आयुष्य सांगू शकतो. परंतु लपवून बाळगलेले रिव्हॉल्व्हर झाडले जाते थोडे आणि अंगावर वागविले जाते फार. त्याचे खरे शत्रू घाम, धूळ, कापडाचा कीस आणि आटून चिकट झालेले तेल हे होत. काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या तारेच्या आकाराच्या चकतीखाली दारूचे न जळलेले दोनचार कण अडकले, तरी कोठा जड फिरतो. ती चकती ढकलणारा दांडा सैल होऊन बाहेर सरकला, तर कोठा उघडतच नाही. १९६० च्या सुमारास त्या दांड्याच्या आट्यांची दिशा उलट करण्यात आली, तेव्हा हा दोष पुष्कळसा दूर झाला. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो, तो वेगळाच.

१९६५ मध्ये स्टेनलेस पोलादाचे पहिले रिव्हॉल्व्हर ‘मॉडेल ६०’ या नावाने बाजारात आले, ते या पार्श्वभूमीवर. त्याची रचना ‘चीफ्स स्पेशल’चीच होती, केवळ धातू बदलला होता. घामाने गंजणाऱ्या शस्त्राची ही दीर्घकालीन समस्या रचनेच्या नव्हे, तर धातूच्या बदलाने सौम्य झाली. तथापि स्टेनलेस पोलादही निगेविना अभेद्य नसते. मालकाने चाप मऊ करण्यासाठी मूळ स्प्रिंग काढून दुबळी स्प्रिंग बसविली, तर कोणताही धातू उपयोगी पडत नाही. टोपीवर पुरेसा आघात न झाल्यास गोळी सुटत नाही.

कायदा, समाज व विश्वास

१९६८ च्या अमेरिकी शस्त्र नियंत्रण कायद्याने स्वस्त लहान हातशस्त्रांच्या आयातीवर बंधने घातली. त्यानुसार ठरलेल्या निकषांत आयात रिव्हॉल्व्हरची नळी किमान तीन इंच असावी व शस्त्र पडण्याच्या चाचणीत उतरावे, अशा अटी होत्या. विश्वासार्हता ही अशा प्रकारे कायद्याची बाब झाली. परंतु देशी उत्पादनास हे निकष लागू नसल्याने दोन इंची रिव्हॉल्व्हरची बाजारपेठ मुख्यतः अमेरिकी कारखान्यांकडेच राहिली.

एप्रिल १९८६ मध्ये मायामी येथे केंद्रीय तपास संस्थेचे अधिकारी व दोन दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीने या शस्त्राची दुसरी मर्यादा पुढे आणली. एक अधिकारी आपले लहान रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असतानाच त्याच्या हाताला गोळी लागली. शस्त्र बिघडले नव्हते, संपल्या होत्या त्या गोळ्या. यानंतर अमेरिकेतील पोलीस दले वेगाने स्वयंचलित पिस्तुलांकडे वळली. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, फ्लोरिडाने लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना पात्र नागरिकास सुलभ केला. इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले आणि २०१३ मध्ये इलिनॉयसह सर्व राज्यांत अशी काही ना काही तरतूद झाली. पोलिसांनी बाजूला ठेवलेले लहान रिव्हॉल्व्हर अशा प्रकारे नागरिकांच्या खिशात आले. पोलिसांना नियमित सराव व शस्त्रतपासणी असे. नागरिकाच्या बाबतीत ही हमी राहिली नाही.

भारतातील एक उदाहरण या संदर्भात विचारार्ह आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ मध्ये, तत्कालीन आयुध निर्माणी मंडळाच्या कानपूर येथील कारखान्याने महिलांच्या संरक्षणार्थ ‘निर्भीक’ हे ०.३२ इंच व्यासाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर सादर केले. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. या शस्त्राविषयीची चर्चा प्रामुख्याने किंमत व सामाजिक उपयुक्तता यांवर झाली. परवानाधारकास मर्यादित काडतुसेच घेता येत असतील, तर आपल्या शस्त्राची खात्री त्याने कशी करून घ्यावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, लहान रिव्हॉल्व्हरची विश्वासार्हता हा त्याचा उपजत गुण नसून दीडशे वर्षांच्या अपघातांतून व दुरुस्त्यांतून मिळविलेली स्थिती आहे. वजन कमी करण्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिचा काही भाग गमावला गेला आणि तो नव्या धातूने, मर्यादित काडतुसाने किंवा अधिक निगेने भरून काढावा लागला. बाहेरून साधे दिसणारे हे शस्त्र आतून घड्याळासारखे नाजूक जुळणीचे आहे. दुर्लक्ष ते काही काळ सहन करते आणि त्यामुळेच दुर्लक्षाची सवय लागते. ‘रिव्हॉल्व्हर कधी दगा देत नाही’ हा समज म्हणूनच अर्धसत्य ठरतो. त्याने जे शस्त्र लोकप्रिय केले, त्याच शस्त्राची तपासणी टाळण्यासही तो कारणीभूत झाला. ज्या वस्तूवर माणूस आपला जीव सोपवितो, तिच्यावरील विश्वास वेळोवेळी पडताळून पाहावा लागतो, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.