आगरातील अदृश्य रहिवासी

धारगळहून दक्षिणेकडे निघाले की कोलवाळच्या पुलाखाली शापोरा नदी लागते. सह्याद्रीतून तिळारी या नावाने उतरणारी ही नदी पेडणे आणि बार्देश या दोन महालांमधली सीमा आखीत समुद्राकडे जाते आणि मुखाजवळ तिच्या उजव्या तीरावर आगरवाडा हे गाव लागते. आगर म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच गावाचा धंदा सांगितलेला आहे. आपल्याकडे इतिहास लिहिताना किल्ले, देवालये आणि सनदा यांचा धांडोळा घेतला जातो. मिठागर मात्र कोणी उघडून वाचीत नाही. गेल्या काही दशकांत गोव्यातील विद्यापीठीय संशोधकांनी ते उघडले. त्या वाचनाची ही हकीकत.

आधी मिठाची थोडी पूर्वपीठिका. पोर्तुगीज अमदानीत गोव्याचे मीठ बाहेर जात असे आणि त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चाले. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला तेव्हा त्या व्यापाराच्या कक्षेत तोही आला. पुढे २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला. गोव्यातील मीठ-उत्पादनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार त्याअन्वये ब्रिटिशांना मिळाला आणि मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाकाठी चार लाख रुपये ठरले. १८९२ मध्ये या तहाची मुदत संपली, पण तोवर मिठाच्या धंद्याला बसायचा तो फटका बसून गेला होता. म्हणजे आगराचे भवितव्य आगराबाहेर ठरण्याची रीत आजची नव्हे.

आता दुसरा धागा. गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्र आले ते रोगाच्या वाटेने. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे संचालक झालेले बाणावलीचे फ्रोयलानो द मेलो (१८८७–१९५५) हे या विद्येतील आपल्याकडचे पहिले मोठे नाव. हिवताप, क्षय आणि कुष्ठरोग यांच्याशी झुंजताना त्यांनी एकपेशीय जीवांचा सखोल अभ्यास केला. त्या काळी सूक्ष्मजीव म्हणजे शत्रू, आणि तो शोधायचा रुग्णाच्या देहात, हीच दृष्टी होती. ती त्या काळाला साजेशीही होती.

मुक्तीनंतर ही दृष्टी समुद्राकडे वळली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि ती दोना पावलला स्थिरावली. तेथील संशोधकांसाठी सूक्ष्मजीव हा रोगकारक नव्हता. समुद्रातील गंधक, नत्र आणि कर्ब यांची देवघेव चालविणारा तो कामकरी होता. मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्राच्या पायावर १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ उभे राहिले, तेही जवळच्याच ताळगाव पठारावर. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग अस्तित्वात आला आणि त्याच दशकाच्या अखेरीस गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. रसायन, वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांना एकमेकांची दारे ठोठावणे त्यामुळे भाग पडले.

ही माणसे मिठागरात का शिरली, हे समजण्यासाठी आगराचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे लागते. पावसाळ्यात आगर पाण्याखाली असते. पाऊस ओसरला की पाणी उपसतात, बांध दुरुस्त करतात, वाफ्यांची जमीन चोपून घट्ट करतात आणि भरतीचे पाणी मानशीतून आत घेतात. मग उन्हाळाभर सूर्य आपले काम करतो. रायबंदरच्या मिठागरावरील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मीठ धरण्यापूर्वी वाफ्यातील पाण्याची क्षारता ३ ते ४ टक्के, तर मीठ काढण्याच्या वेळी ती ३० ते ३५ टक्के आढळली. काही महिन्यांत जवळजवळ दसपट! जगातील अनेक मोठ्या मिठागरांत खारटपणा वर्षभर टिकून असतो. आपल्या आगरात मात्र पावसाळा दरवर्षी पाटी पुसतो. मग एवढ्या मिठात जगणारे जीव पावसाळ्यात जातात कोठे, आणि उन्हाळ्यात येतात कोठून?

हे जीव आपल्या परिचयाचेच आहेत. मीठ धरत आलेल्या पाण्यावर कधी तांबूस झाक दिसते. खारवलेली मासळी कधीकधी लाल पडते. हा रंग बहुधा त्यांचाच. त्यांना जिवाणू म्हणणेही अचूक नव्हे. अमेरिकेतील कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये आर्किया हा सजीवांचा वेगळा गट दाखवून दिला आणि हे मीठप्रेमी जीव त्यात गणले गेले. वरील अभ्यास बिट्स पिलानीच्या गोवा परिसरातील ज्युडिथ ब्रागांझा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा. मीठ धरण्यापूर्वीच्या सौम्य पाण्यातही त्यांना हॅलोकॉकस या गटातील मीठप्रेमी जीव सापडले. पाटी पुसली जाते खरी, पण पुरती कोरी होत नाही. पुढे २०१३ मध्ये, भारतातील पारंपरिक मिठागरांतून मिळालेले असे काही जीव आपल्या पेशीत निसर्गात विघटन पावणारे प्लास्टिक साठवतात, हेही याच संशोधकांनी दाखवले.

रायबंदरच्याच गाळाकडे सविता केरकर आणि पी. ए. लोकाभारती यांनी वेगळ्या प्रश्नाने पाहिले. प्राणवायूविना, सल्फेटवर जगणारे जिवाणू मीठ पूर्ण विरघळलेल्या पाण्याखालीही काम करतात काय? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे उत्तर होकारार्थी होते. आगराच्या तळाची काळी माती म्हणजे मृत चिखल नव्हे. तिथे गंधकाचे चक्र अखंड चालू असते.

येथे डिचोली या कथेत येते. डिचोली महालातील खनिज सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवरून बार्जेसमध्ये भरून मांडवीतून मुरगावकडे जात असे, आणि त्याच मांडवीचे भरतीचे पाणी रायबंदरच्या वाफ्यांत घेतले जाते. डोंगरातील लोखंड आणि ताटातील मीठ यांचा संबंध असा नदीतून जोडला गेला. म्हणूनच केरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ तयार होण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पाण्यातील व गाळातील धातू आणि तेथील जिवाणू यांची एकत्र तपासणी केली. केवळ रसायनशास्त्रज्ञाने धातू मोजले असते. केवळ जीवशास्त्रज्ञाने वसाहती मोजल्या असत्या. दोहोंचा संबंध दोघे एका बांधावर उभे राहिल्यावरच लागला. खाणींच्या टाकाऊ मातीवर झाड का जगत नाही, या प्रश्नाचेही तसेच. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील बी. एफ. रॉड्रिग्ज यांनी मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून कळले की अशा जमिनीत रोप लावण्याआधी तिच्यातील अदृश्य सोबत्यांचा विचार करावा लागतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्यानंतर न्यायालयाच्या निकालांनी त्या चालू-बंद होत राहिल्या. उकरलेली माती मात्र तशीच उरली.

आंतरविद्याशाखीय हा शब्द आज विद्यापीठांच्या पत्रकांत सहज भेटतो. आगर राखणाऱ्याला तो ठाऊक नसेल. पण चंद्राच्या कलेवरून भरती, वाऱ्यावरून ऊन आणि पाण्याच्या रंगावरून मीठ धरण्याची वेळ ओळखणारा तो गृहस्थ खगोल, हवामान आणि सूक्ष्मजीव यांचा एकत्रच विचार करीत आला आहे. संशोधकांची उपकरणे त्याच्याकडे नव्हती, आणि त्याची नजर उपकरणांत नव्हती. या संशोधनाचे खरे श्रेय मला दिसते ते हे की, नमुन्याची बाटली भरण्यासाठी का होईना, प्रयोगशाळेला त्याच्या बांधावर यावे लागले.

परंतु येथेच काळजीही आहे. आयोडीनविरहित मिठाच्या खाद्यविक्रीवर २००६ मध्ये देशभर पुन्हा बंदी आली. आगरात काम करणारे हात कमी होत गेले. बांध फुटला तर तो बांधण्यापेक्षा सोडून देणे स्वस्त पडू लागले. आगर सोडले की त्यात झुडपे माजतात, वाफा मोडतो आणि दरवर्षी पाटी पुसून पुन्हा लिहिणारी ती लिपीही थांबते. मीठ दुसरीकडून आणता येईल. शतकानुशतके एका नदीच्या, एका पावसाच्या तालावर घडत आलेला सूक्ष्मजीवांचा समाज कोठून आणणार? तो कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाही. मीठ काढीत राहणे हेच त्याचे जतन.

११ डिसेंबर २०२२ रोजी धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी मोप्याच्या विमानतळाचेही. संशोधनाची इमारत आता आपल्या गावात आहे. तिच्यापासून नदी दूर नाही, आणि नदीच्या मुखाशी आगरवाड्याचे वाफे आहेत. १८७८ मध्ये आगराचा निर्णय दूरच्या दोन सरकारांनी घेतला, तेव्हा आगरात काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. आज ते थोडेफार ठाऊक झाले आहे. न जाणता गमावणे आणि जाणून गमावणे यांत जो फरक आहे, त्याचा जाब पुढचा इतिहासकार आपल्याला विचारील.