रिलेशनल डेटाबेस : जलद वाचनाची तत्त्वे

आयबीएमच्या सॅन होजे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती कोष्टकांच्या रूपात साठवण्याची संकल्पना मांडली. काय हवे ते वापरणाऱ्याने सांगावे आणि ते कसे शोधावे हे यंत्रणेने ठरवावे, हा तिचा गाभा होता. अशी यंत्रणा पुरेशी वेगवान होईल का, याविषयी त्या काळी अनेकांना शंका होती. तिचे निरसन प्रामुख्याने दोन शोधांनी केले.

पहिला शोध ‘बी-ट्री’ या रचनेचा. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ती बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत विकसित केली. आजचे बहुतेक इंडेक्स तिच्यावरच आधारलेले आहेत. इंडेक्सच्या एका पानावर २०० नोंदी मावत असतील, तर तीन पाने वाचून ८० लाख नोंदींतील हवी ती नोंद सापडते. इंडेक्स नसल्यास संपूर्ण कोष्टक चाळावे लागते.

दुसरा शोध ‘क्वेरी ऑप्टिमायझर’चा. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली त्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोष्टकांच्या आकडेवारीवरून प्रत्येक संभाव्य मार्गाचा खर्च अंदाजला जातो आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडला जातो. ही आकडेवारी जुनी झाली, की उत्तम इंडेक्स असूनही चुकीचा मार्ग निवडला जाऊ शकतो.

इंडेक्समधील स्तंभांचा क्रम महत्त्वाचा असतो. समजा, एखाद्या मंडळाच्या सभासदयादीवर राज्य, शहर आणि आडनाव या क्रमाने इंडेक्स आहे. राज्य व शहर दिले असता तो उपयोगी पडतो. केवळ आडनावावरून शोध घेतल्यास सहसा फारसा लाभ होत नाही. शोधताना स्तंभावर एखादे फंक्शन लावले, उदाहरणार्थ आडनावातील सर्व रोमन अक्षरे लहान करून तुलना केली, तर साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. त्या फंक्शनवरच इंडेक्स बांधावा लागतो. क्वेरीला हवे असलेले सर्व स्तंभ इंडेक्समध्येच असतील, तर मूळ कोष्टकाकडे जाण्याची गरज बव्हंशी उरत नाही. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ११ पासून ‘इन्क्लूड’ची सोय आहे.

मात्र वाचनाच्या वेगाची किंमत लेखनाला मोजावी लागते. नवी नोंद करताना प्रत्येक इंडेक्स अद्ययावत करावा लागतो. आधीच हिशेब करून साठवलेली ‘मटेरियलाइज्ड व्ह्यू’ जलद उत्तर देते, पण पुन्हा ताजी करेपर्यंत ते उत्तर जुनेच राहते. वाचनासाठी ठेवलेली स्वतंत्र प्रतिकृतीही मूळ डेटाबेसच्या काही क्षण मागे असू शकते. विक्रीच्या मासिक अहवालात हे चालते. खात्यातील शिल्लक दाखवताना चालत नाही.

म्हणून बदल करण्यापूर्वी मोजमाप आवश्यक ठरते. पोस्टग्रेसमधील ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा निवडलेला मार्ग, अंदाजित नोंदी व प्रत्यक्ष नोंदी दाखवते. या दोन आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास प्रथम आकडेवारी ताजी करावी. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. त्यामुळे नोंदी बदलणाऱ्या वा पुसणाऱ्या विधानावर ती चालू यंत्रणेत सरळ वापरू नये.